डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा आजार) असलेली आई रोज संध्याकाळी ‘मला घरी जायचंय’ म्हणते, तेव्हा काय करावं?

‘हेच तुझं घर आहे’ असं पटवत बसू नका. त्या घडीला ते पटत नाही, उलट ती जास्त घाबरते. ती बहुधा माहेर शोधत असते. म्हणून विचारा, ‘आई, तुमच्या अंगणात काय काय होतं गं?’ बोलायला लागली की घालमेल कमी होते. निवडायला मेथी द्या, सोलायला मटार द्या. हातांची सवय बरेचदा आठवणींपेक्षा जास्त टिकते. अंधुक उजेड आणि सावल्यांनी गोंधळ वाढतो, तेव्हा दिवेलागणीच्या आधीच दिवे लावा. दुपारची झोप थोडकीच बरी.

मात्र गोंधळ दोन-तीन दिवसांत एकाएकी वाढला असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता किंवा एखादं नवं औषध कारण असू शकतं. डॉक्टरांना लगेच दाखवा.

आणि हे कळकळीनं सांगते, सगळा भार एकट्या सुनेवर किंवा लेकीवर टाकू नका. परगावच्या भावानं पैसे पाठवले म्हणजे त्याची पाळी संपत नाही, त्यानं येऊन राहावं. माहितीसाठी १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची निःशुल्क राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.