वेबसाईट आहे, पण फोन येत नाहीत

प्रश्न: ताई, तारकर्लीला आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. 2015 ला पुतण्याने वेबसाईट करून दिली, ती तशीच आहे. येऊन गेलेले लोक जेवणाचं कौतुक करतात पण नवीन कोणी फोनच करत नाही. वेबसाईटमुळे एवढा फरक पडतो का हो?

उत्तर: पडतो हो दादा, आणि वाचायच्या आधीच पडतो. 2006 मध्ये कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं की पान बघून माणसाचं मत 50 मिलिसेकंदात बनू शकतं, पापणी लवायच्याही आत! तुमची साईट मोबाईलवर उघडली तर आधी 'नॉट सिक्युअर' दिसलं. 2018 पासून क्रोम एचटीटीपीएस (माहिती गुप्त करून पाठवायची सुरक्षित पद्धत) नसलेल्या सगळ्याच साईट्सना हे दाखवतं, त्यात तुमचा गुन्हा काही नाही, पण पुण्याहून ॲडव्हान्स पाठवणाऱ्याला ते कसं कळणार, त्याला वाटतं फ्रॉडच असणार. होस्टिंगवाल्याला, म्हणजे ज्यांच्याकडे साईट ठेवलीय त्यांना, एसएसएल सर्टिफिकेट टाकायला सांगा, त्यानेच एचटीटीपीएस सुरू होतं, लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या सेवेचं तर फुकट मिळतं.

आणि ते फोटो! निळ्याशार पाण्यावरच्या लाकडी झोपड्या, अहो ते मालदीव आहे, तारकर्ली नाही. काढा ते आधी. तुमची खोली, बाथरूम, सुरमईचं ताट, सकाळच्या उजेडात मोबाईलवर काढलेले चालतील, बाथरूमचा तर हवाच कारण बायका आधी तोच शोधतात. रेट आजचे टाका. गूगल मॅप्सवर कोणी 'पाणी गेलं होतं' लिहिलंय त्याला दोन ओळी उत्तर द्या, भांडू मात्र नका.