वांग्याचे कलम: जोड जुळेपर्यंत

रानवांग्याच्या खुंटावर, म्हणजे मुळासकट ठेवलेल्या खालच्या भागावर, वांग्याचा शेंडा बांधल्यावर दुसऱ्याच दिवशी पानांनी माना टाकल्या, म्हणून कलम फसले असे समजू नका. कापावरच्या फुटलेल्या पेशी वाळून पातळ तपकिरी थर होतो, मग दोन्हीकडच्या जिवंत पेशी विभागून कॅलसचा मऊ, पांढुरका गर तयार करतात आणि तो फट भरतो. परंतु त्यातून पाणी नेणाऱ्या वाहिन्या जुळायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. तोवर शेंडा तहानलेलाच असतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस अंधार, 25 ते 28 अंश सेल्सिअस तापमान आणि 90 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवावी. फवाऱ्याचे पाणी जोडावर साचू देऊ नका, तिथे कूज शिरते. काप नव्या ब्लेडने एकाच झटक्यात द्या. माझी पहिली खेप बोथट ब्लेडनेच घालवली. जोड हलवून पाहण्याचा मोह मलाही होत असे, पण तेवढ्यानेही नुकत्याच जुळलेल्या पेशी सुटतात. खुंटाला फुटलेले धुमारे दिसताच खुडा आणि लावणीत जोड मातीच्या वर ठेवा, नाहीतर शेंड्यालाच मुळे फुटतात आणि मातीतला मर रोग (झाड सुकवणारा) त्या वाटेने आत येतो.