उत्तरायण (संक्रांत) ते धुळवड एवढ्यापुरते सायकलवर येणाऱ्यांचा राग येतो. असं फक्त मलाच होतं का?

तुम्ही लिहिलंय, चार वर्षं गोत्रीहून अलकापुरीला ऑफिसला सायकलनेच जाता, ऊन असो की पाऊस. जानेवारी सरता सरता रस्त्यावर नवे सायकलवाले दिसू लागतात, तुम्हाला मागे टाकतात, सिग्नलला वळून बघतात आणि एप्रिल लागला की गायब. त्यांना पाहून चिडचिड होते आणि नकळत शर्यत लागते, ती का?

तुम्हालाच नाही, मलाही झालं. आणि त्यापायी रोजच्या वाटेवरचा एक चांगला सोबती मी गमावला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी दांडिया बाजारात राहते आणि मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. गेज, मायक्रोमीटर अशा साधनांनी मापं तपासायची, दिवसभर तेच काम. घरापासून गेटपर्यंत सात-आठ किलोमीटर: खंडेराव मार्केट, राजमहाल रोड, लालबागचा पूल, मांजलपूर आणि पुढे मकरपुरा. बडोदं तळहातासारखं सपाट. त्यामुळे या सगळ्या वाटेवर चढ म्हणावा असा एकच, पुलाचा. शर्यत लागायची ती तिथेच.

2022 च्या फेब्रुवारीत निळ्या गिअरवाल्या सायकलवरचा एक मुलगा रोज पुलाच्या पायथ्याशी मला गाठायचा. पाठीला लॅपटॉपची बॅग, डोक्यावर नवंकोरं हेल्मेट. माझी बिनगिअरची लेडीज सायकल, पुढे जाळीची बास्केट, तीत डबा. पहिल्या दिवशी तो सहज पुढे गेला. दुसऱ्या दिवशी मी पुलाच्या अलीकडेच वेग धरला. आठवड्याभरात अशी वेळ आली की राजमहाल रोडवरच मी मान वळवून तो येतोय का बघू लागले. तो मागे राहिला की दिवस चांगला जायचा, पुढे गेला की डबा उघडेपर्यंत तेच डोक्यात.

एके सकाळी आम्ही दोघंही जोरात पॅडल मारत चढत होतो. मध्ये काळ्या सायकलवरचे एक वयस्क कामगार होते, पहिल्या पाळीला निघालेले, कॅरिअरच्या चिमट्यात डबा. दोघं त्यांच्या दोन बाजूंनी गेलो. मागून शांतपणे आवाज आला, "धीमे, बेन. कंपनी क्यांय नथी जवानी." हळू, ताई, कंपनी कुठे जात नाही. मला ते ऐकू आलं, पण मी थांबले नाही.

त्याच आठवड्यात सिग्नलला त्या मुलाशी पहिल्यांदा बोलले. मराठीच निघाला, रावपुऱ्यातला. मी हसत हसत म्हटलं, "आत्ता ठीक आहे रे, मे महिन्यात पुलावर भेटतोस का बघू!" तोही हसला.

मे महिन्यात तो भेटला. पुलावर नाही, मांजलपूरच्या सिग्नलला, स्कूटरवर. मी हात केला. त्याने मला पाहिलं होतं, नजरानजर झाली होती. मग त्याने मान फिरवली आणि सिग्नल सुटेपर्यंत समोरच्या रिक्षाच्या ताडपत्रीकडे बघत राहिला. पुढच्या वर्षी उत्तरायण झाल्यावर मी त्याची वाट पाहिली. फेब्रुवारी गेला, धुळवड गेली, तो आला नाही. नोकरी बदलली असेल, घर बदललं असेल, काहीही असेल. पण त्याची ती फिरलेली मान माझ्या मनातून जात नाही. बेचाळीस डिग्रीत सायकल घरी ठेवणं ही काही चोरी नव्हती. त्याला ती चोरी वाटावी असं मी बोलून बसले होते.

तेव्हापासून मी स्वतःला विचारते, मे महिन्यात मी जाऊ शकते ती कशाच्या जोरावर? माझी वेळ सकाळी आठची, म्हणजे ऊन चढायच्या आत मी पोचलेली असते. कारखान्यात हातपाय धुवायला जागा आहे, लॉकरमध्ये धुतलेला युनिफॉर्म असतो. आणि मोजमापाची आमची खोली 20 डिग्रीवर ठेवावी लागते, कारण गेजची मापं त्याच तापमानाला धरलेली असतात. घामाघूम होऊन पोचलेल्या माणसाला याहून मोठं सुख नाही. त्या मुलाला कदाचित पोचल्याबरोबर इस्त्रीच्या शर्टात कुणासमोर बसायचं असेल. मेच्या उन्हात, पुलाच्या पुढे सावलीचं एक झाड नसलेल्या रस्त्यावरून तो कसा येणार? वडाच्या झाडांवरून ज्या गावाचं नाव पडलं, त्या गावात ही अवस्था आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं. राजमहाल रोडची सावली जर मकरपुऱ्यापर्यंत असती, तर एप्रिलमध्ये गळणाऱ्यांतले निम्मे तरी टिकले असते असं माझं मत आहे. उन्हात टिकणं हे जिद्दीचं काम आहेच, पण जिद्दीच्या आधी वेळ, पाणी आणि सावली लागते.

आणि बारमाही म्हणून मान ताठ ठेवावी, तर ती काळ्या सायकलवाल्यांनी. त्यांना ऋतू निवडायची सोयच नाही, पेट्रोलचा खर्च परवडत नाही म्हणून ते येतात. त्यांना कुणी 'सायकलिस्ट' म्हणत नाही, त्यांचे फोटो निघत नाहीत, आणि ते कुणाशी शर्यतही लावत नाहीत. त्यांची चाल नीट बघा: सीटवर ताठ बसलेले, पाय एकाच लयीत, चढावर थोडे हळू, उतारावर पाय थांबवून दम घेणार. यात पक्का हिशेब आहे. वाऱ्याला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी 15 किलोमीटरवरून 20 वर जायचं तर वाऱ्यापायी दुपटीहून जास्त जोर लागतो, आणि वाचतं किती, तर किलोमीटरमागे एक मिनिट. त्या काकांनी घन वगैरे मांडला नसेल, पण कंपनी कुठे पळून जात नाही हे त्यांना ठाऊक होतं.

नव्यांनी यावं असं मला मनापासून वाटतं, त्याला एक स्वार्थाचंही कारण आहे. पीटर जेकबसन या अभ्यासकांनी 2003 मध्ये कॅलिफोर्निया, डेन्मार्क, नेदरलँड्स अशा ठिकाणचे आकडे तपासून दाखवलं की रस्त्यावर चालणारे आणि सायकलवाले दुप्पट झाले, तर एकेकाला असलेला गाडीच्या धडकेचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. गाडीवाल्यांच्या नजरेला सायकलची सवय होते. माझा अनुभवही तोच: फेब्रुवारीत पुलावरून उतरताना रिक्षावाले थोडी जागा सोडतात, जूनमध्ये मी एकटी असते तेव्हा तेच रिक्षावाले अंगाला घासून जातात. म्हणजे तुम्हाला ज्यांचा राग येतो, ते दोन महिने तुमची राखण करत असतात.

2024 च्या जानेवारीत आमच्या अकाउंट्समधली एक मुलगी सायकल सुरू करते म्हणाली. नदीकाठी मुजमहुड्याला राहते. या वेळी मी शहाणपणाने वागले. चार दिवसांत तिचे गुडघे पुढून दुखायला लागले, म्हणून सीट बघितली, तर खूप खाली. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हायला हवा, एवढं साधं माप. बोटभर करत करत वर घेतली, दुखणं गेलं. उत्तरायणाचा मांजा पुढे कितीतरी दिवस झाडांवर, तारांवर लोंबत असतो, म्हणून गळ्याला जाड रुमाल बांधायला लावला. (हे तुम्हीही नव्यांना सांगा, त्यांच्या लक्षात येत नाही.) आणि मार्चमध्ये मीच म्हटलं, "पारा चाळिशीला टेकला की बंद कर. कुणाला उत्तर द्यायचं नाही." सायकल ठेवायची कशी तेही दाखवलं: चेन पुसून तेलाचे थेंब, टायरमध्ये पूर्ण हवा, कारण हवा गेलेल्या टायरवर वजन राहिलं तर कडेला चिरा पडतात, आणि उन्हात नाही, सावलीत. तिने ती दुसऱ्या मजल्यावर घराबाहेरच्या पॅसेजमध्ये नेऊन ठेवली.

ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला. तिच्या सोसायटीत खाली उभ्या असलेल्या स्कूटरांच्या इंजिनांत पाणी गेलं, मेकॅनिककडे रांगा लागल्या. कारखाना सुरू झाला त्या सकाळी ती गेटमधून आत आली, सायकलवर, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली, बास्केटमध्ये शेजाऱ्यांसाठी दूध न्यायला रिकाम्या पिशव्या. मार्चनंतर पहिल्यांदाच. त्यानंतर तिने दिवाळीची वाट बघितली नाही, पाऊस उघडला तशी येत राहिली. एप्रिलमध्ये पुन्हा बंद, आणि ते आम्हा दोघींना चालतं.

आता तुमचं. शर्यतीची खाज एका दिवसात जाणार नाही, माझीही पूर्ण गेलेली नाही. मागून चाकाचा आवाज आला की अजून पाय आपोआप जोर धरतात. मी एकच करते: डावीकडे सरकते आणि घंटी एकदा वाजवते, जा म्हणून. बहुतेक जण उलट घंटी वाजवतात. दोन-तीन दिवस हे झालं की नाव विचारता येतं, आणि नाव कळलं की शर्यत लावणं जड जातं.

आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यातला कुणी स्कूटरवर भेटला, तर त्याने मान फिरवायच्या आत तुम्हीच हात करा. सायकल कुठे ठेवलीस विचारा. हवा भरायला पंप नसेल तर तुमच्याकडे आहे म्हणून सांगा.