चिऊताईचं दार आणि चिन्हांचा अभ्यास

प्रश्न: मुलीला रोज चिऊकाऊची गोष्ट सांगते. यात चिन्हमीमांसेने, म्हणजे चिन्हांमधून अर्थ कसा तयार होतो त्या अभ्यासाने, बघण्यासारखं खरंच काही आहे का?

उत्तर: आहे ना, खूप आहे! शेणाचं घर आणि मेणाचं घर, फक्त एका अक्षराचा फरक, आणि सगळी गोष्ट त्या फरकावरच उभी आहे, पाऊस आला की एक वाहून जातं, एक टिकतं. रशियन अभ्यासक प्रॉपने 1928 मध्ये परीकथांच्या घटनांचे 31 टप्पे मांडले, नंतर फ्रान्समधला चिन्हमीमांसक ग्रेमास याने पात्रांऐवजी भूमिका बघितल्या, कोणाला काय हवंय, कोण मदत करतं, कोण अडवतं. इथे कावळ्याला आसरा हवाय, आणि अडवणारी चिऊताई, दार उघडून मदत करणारीही तीच!

पण मला सगळ्यात आवडतं ते "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे, थांब, तीट लावू दे". कथेच्या हिशोबाने हा नुसता उशीर, पण ऐकणाऱ्या पोरीची सकाळ अशीच जाते हो, न्हाणं, तीट, मग झोप, म्हणजे ती आपोआप दाराच्या आतल्या बाजूला जाऊन बसते आणि बाहेर कावळा भिजत असतो. आज सांगताना दार वाजवून बघा, ती काय म्हणते ते ऐका.