मीम टाकायच्या आधी बेडकाची गोष्ट ऐक

भावा तुझं कालचं मीम बघितलं, जमलंय, पण तू नक्की कोणाची खेचतोयस तेच कळेना. उपरोधाची हीच गोची आहे, ना चेहरा दिसतो ना आवाज ऐकू येतो, मग समोरच्याने मस्करी ओळखायची कशी?

पेपे बेडूकच घे. मॅट फ्यूरी या अमेरिकन व्यंगचित्रकाराने २००५ मधे त्याच्या कॉमिकसाठी काढलेला एकदम निवांत प्राणी, पँट पार खाली सोडून मुतणारा. पुढे फोरचॅनवर, म्हणजे नाव न सांगता काहीही टाकता येणाऱ्या वेबसाइटवर, गंमत गंमत करत त्याला नाझी गणवेश चढवला, मग खरे वंशद्वेषीच त्याला मिरवायला लागले आणि २०१६ ला अँटी-डिफेमेशन लीग या ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेने त्याला द्वेषचिन्हांच्या यादीत टाकला. वैतागून फ्यूरीने २०१७ ला कॉमिकमधे त्याला थेट शवपेटीत झोपवला. तरी पठ्ठ्या २०१९ ला हाँगकाँगच्या आंदोलनात हजर, ते पण लोकशाहीवाल्यांच्या बाजूने!

तू आपला फ्लेक्सवरच्या गॉगलवाल्या 'युवा नेतृत्वा'ला धर, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो असतातच, मटेरियल संपत नाही. कोणाची बोली, रंग, जात नको. मी सुरवातीला एका पोरीच्या डान्सवर मीम केलेलं, तुफान चाललं, चार दिवसांनी तिने अकाउंटच बंद केलं. डिलीट केलं मी, पण तोवर ते सगळ्या ग्रुपवर फिरलेलं.