एक कोर्स ड्रॉप केला आणि सेव्हिस टर्मिनेट झालं, आता काय?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा एफ-1 (अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा) वर टेक्सासमध्ये एमएस करतोय, ऑक्टोबरमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, लेक्चर्स बुडाली म्हणून पोर्टलवरून एक कोर्स ड्रॉप केला, 9 चे 6 क्रेडिट झाले, म्हणजे फुल लोडपेक्षा (पूर्णवेळ विद्यार्थ्याला लागणाऱ्या क्रेडिटपेक्षा) कमी, पण इंटरनॅशनल ऑफिसला विचारलंच नाही. आता जानेवारीत सेव्हिस (अमेरिकी सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या यादीतली नोंद) टर्मिनेट झाल्याचा मेल आलाय. रूममेट म्हणतो गप्प बस, ओळखीच्या रेस्टॉरंटमध्ये कॅशवर काम मिळतंय.

मित्रा, आधी त्या रूममेटचं ऐकणं बंद कर. तुझी केस वाचवता येण्यासारखी आहे, पण कॅशवर एक दिवस जरी काम केलंस तरी गेली, कारण परवानगीशिवाय काम केलेल्याला रीइन्स्टेटमेंट (गेलेलं विद्यार्थी स्टेटस परत मिळणं) मिळत नाही, असा सरळ नियमच आहे.

तुझ्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. आजारपणात लोड कमी करायची परवानगी डीएसओ (इंटरनॅशनल ऑफिसमधला जबाबदार अधिकारी) देऊ शकतो, तू आधी विचारलं असतंस तर डॉक्टरच्या पत्रावर मिळाली असती. आणि डीएसओच्या अधिकारातलीच सूट राहून गेली नि आता स्टेटस परत नाही मिळालं तर विद्यार्थ्याचं फार मोठं नुकसान होईल, अशा केससाठी रीइन्स्टेटमेंटच्या नियमात वेगळी तरतूद आहे. म्हणजे तुझीच केस. म्हणून हॉस्पिटलचे डिस्चार्ज पेपर, सर्जनचं तारखांसकट पत्र आणि बाबांच्या एज्युकेशन लोनचं बँकेचं पत्र (नुकसान दाखवायला हेच कामाला येतं) घेऊन उद्याच डीएसओकडे जा. त्याने शिफारस करून नवीन आय-20 (कॉलेज देतं ते विद्यार्थी असल्याचं प्रमाणपत्र) दिला की आय-539 फॉर्म (स्टेटस परत मागायचा अर्ज) यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे जातो. स्टेटस गेल्यापासून 5 महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे, आणि ते मोजायचे ड्रॉप केल्यापासून, मेल आल्यापासून नाही, म्हणजे मार्च उजाडायच्या आधीच काम उरक. उशीर झाला तर अपवादात्मक कारण दाखवत बसावं लागतं.

कॅम्पसवरची लायब्ररीतली नोकरी आहे म्हणालास, ती आजच थांबव. मेल आल्यावर शिफ्ट केल्या असतील तर लपवू नकोस, पेरोलमध्ये त्या दिसतातच, तिथल्या इमिग्रेशन वकिलाला आधी सांग. निकाल यायला महिने लागतात, तोवर फुल लोड घेऊन शिकत राहायचं, काम मात्र बंद.

दुसरा रस्ता म्हणजे भारतात येऊन नव्या आय-20 वर परत जायचं. त्यात सेव्हिसचे 350 डॉलर पुन्हा भरायचे, बहुतेक व्हिसाही नव्याने काढावा लागेल, आणि सीपीटी-ओपीटीसाठी (शिकताना आणि शिक्षणानंतर विषयाशी संबंधित काम करायच्या परवानग्या) लागणारं एक वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजलं जातं. तुझ्या जागी मी असतो तर पहिलाच रस्ता धरला असता. डीएसओ शिफारस द्यायला नाहीच म्हणाला तर मग तिकिटाचं बघू, पण त्याच्याशी बोलायच्या आधी देश सोडू नकोस.