पोरगी आजोळी, बाप सांगलीत

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगलीचा, कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे, शिफ्ट असते. दीड वर्षापूर्वी मिसेस काविळीनं गेली तेव्हा पोरगी अडीच वर्षांची होती. बाराव्याच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, चार महिने राहूदे आमच्याकडं, तुम्ही सावरा जरा, म्हणून कोरेगावला ठेवली ती ठेवलीच. आता मागायला गेलं की आज नको उद्या, आणि हल्ली तर फोनपण उचलत नाहीत. मागच्या महिन्यात गेलो तर पोरगी आजीच्या पदराआड लपली आणि मला मामा म्हणाली. ताई, त्या रात्री जेवण गेलं नाही. भाऊ म्हणतो गाडी काढू, उचलून आणू, बाप आहेस तू. एका वकिलानं सांगितलं की पाच वर्षं होईपर्यंत काही होत नाही. घरात माझ्या दुसऱ्या लग्नाचंही बघतायत. काय करावं? – एक बाप

उत्तर : दादा, पहिलं म्हणजे ते गाडीचं डोक्यातनं काढा. रडणारं पोर ओढून आणलं आणि शेजाऱ्यानं मोबाईलवर शूटिंग केलं की पुढं कोर्टात तेच दाखवतात, आणि मग तुम्ही कितीही गरीब बाप असलात तरी त्या व्हिडिओत तुम्ही गुंडच दिसता.

आता पाच वर्षांचं. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात कलम ६ आहे, त्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडं राहावं असं म्हटलंय. आईकडं, दादा. आजीकडं नाही. आई नसताना नैसर्गिक पालक तुम्हीच, त्यामुळं वाढदिवसाची वाट बघत बसायची काही गरज नाही. उलट जेवढे दिवस जातील तेवढी ती तिथं रुजणार, आणि कलम १३ सांगतं की सगळ्यात आधी मुलाचं हित, बापाचा हक्क त्याच्यानंतर.

अर्ज करायचा १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली, कलम २५. पण तो सांगलीत नाही हं, मूल जिथं राहतं तिथं, म्हणजे सातारा जिल्ह्यात. बरेच जण इथंच चुकतात आणि सहा महिने नुसते हद्दीच्या वादात घालवतात. त्याच अर्जात निकाल लागेपर्यंत दर आठवड्याला भेट मिळावी अशी मागणी करा, कलम १२ त्यासाठीच आहे. फी परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथं विचारा, ते दोन्ही घरांना समोरासमोर बसवूनही बघतात.

कुणीतरी सांगेल थेट हायकोर्टात हेबियस कॉर्पस टाका, म्हणजे अडवून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढं हजर करा असा अर्ज, आता तर १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, मुंबईला जायला नको. जवळ आहे म्हणून लगेच पळू नका. अशाच एका केसमध्ये, आई गेलेली, लहान पोरगी मावश्यांकडं, हायकोर्टानं बापाला ताबा दिला आणि २०२४ला सुप्रीम कोर्टानं तो आदेश रद्द केला, म्हणाले मूल म्हणजे काय जंगम मालमत्ता नाही इकडनं तिकडं द्यायला. पण २०२५ला दुसऱ्या एका केसमध्ये आजीआजोबांकडचा मुलगा बापाला दिला, आणि त्या बापानं दुसरं लग्न केलेलं होतं. म्हणजे लग्नानं तुमची केस बुडत नाही. फक्त सासूबाईंच्या मनात भीती तीच असणार, सावत्र आई. लेकीच्या मागं उरलेली एवढी एक खूण आहे त्यांच्याकडं, त्यांना शत्रू धरून चालू नका.

एक बघितलेलं सांगते. जज्जसाहेबांनी चेंबरमध्ये एका बापाला विचारलं, पोरगी झोपताना काय लागतं तिला? त्याला सांगता येईना. आजी पटकन म्हणाली, माझ्या जुन्या लुगड्याची गोधडी, आणि तिचा एक कोपरा तोंडात लागतो. बापाचे पगाराचे कागद, घराचा उतारा सगळं फाईलला होतं, पण चेंबरमधली हवाच बदलली. तुमची सकाळची शिफ्ट असेल तर पोरीची वेणी कोण घालणार, बालवाडीतनं कोण आणणार, ताप आला तर रजा मिळते का, हे आईशी आणि वहिनीशी बसून आत्ताच ठरवा. नुसतं ‘सगळे आहेत की घरात’ म्हणून चालत नाही. मिसेसच्या विम्याचे वगैरे पैसे आले असतील तर पोरीच्या नावानं एफडी करून ठेवा, सासरच्यांनाही ते दिसूदे.

आणि भेट कोर्टानं दिल्यावरच जायचं असं कुठं आहे? मिरज-पुणे लाईनवरच कोरेगाव आहे, सुट्टी असेल त्या दिवशी जा, आधी मेसेज टाकून ठेवा म्हणजे त्याची नोंद राहते. पहिल्यांदा लपेल, दुसऱ्यांदाही लपेल. उचलून घ्यायची घाई करू नका, तिथंच ओट्यावर बसा, सासऱ्यांबरोबर चहा घ्या. आणि भावाला बरोबर नेऊ नका.